पेनड्राइव्हचा आजार आणि ‘फॉरमॅट’चे औषध

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हल्ली रुग्णाच्या पिशवीतून तीन गोष्टी हमखास निघतात: घडी घालून मऊ झालेला केसपेपर, एक्स-रेचे मोठे पाकीट आणि रुमालाच्या टोकाला बांधलेला पेनड्राइव्ह. सीटी स्कॅन किंवा एमआरआय केल्यावर पूर्वी केंद्राकडून सीडी मिळायची. नव्या संगणकांतून सीडीची खाचच गायब झाली, तेव्हा अनेक ठिकाणी तिची जागा या बोटभर लांबीच्या वस्तूने घेतली. रुग्णाच्या दृष्टीने ती दागिन्याइतकीच मोलाची असते, कारण तिच्यात त्याच्या आजाराचा इतिहास असतो.

हा पेनड्राइव्ह संगणकाला लावल्यावर कधी काहीच होत नाही. कधी ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ अशी सूचना झळकते. आणि कधी संगणक अगदी नम्रपणे विचारतो, ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. करू का?’ खाली दोन बटणे असतात. घाईत असलेला माणूस ‘हो’वर बोट ठेवतो. वैद्यकाच्या भाषेत सांगायचे, तर तपासणी न करताच शस्त्रक्रियेला संमती दिल्यासारखे हे आहे.

आजारी माणसाबाबत आम्ही जो क्रम पाळतो, तोच येथेही उपयोगी पडतो. आधी लक्षणे विचारायची, मग साध्या तपासण्या करायच्या, निदान ठरवायचे आणि उपचार सर्वांत शेवटी. शिवाय एक नियम या सगळ्यांच्या वरचा: बरे करता आले नाही तरी चालेल, पण आपल्या हातून अपाय होऊ द्यायचा नाही.

फिल्म असताना पेनड्राइव्ह कशाला?

‘डॉक्टर, फिल्म आणली आहे की!’ असे नातेवाईक म्हणतात. फिल्म उपयोगी असतेच, पण ती म्हणजे पूर्ण तपासणी नव्हे. सीटी स्कॅनच्या एका चित्रात साधारणपणे ५१२ आडवे आणि ५१२ उभे ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याला एक आकडा दिलेला असतो. पाण्याचा आकडा ०, हवेचा उणे १०००, हाडाचा काही शेकड्यांपासून हजाराच्या पुढे. सीटी स्कॅनचे जनक गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या नावाने हे मोजमाप ओळखले जाते. १९७९ मध्ये त्यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. एवढे सगळे आकडे मानवी डोळ्याला एकाच वेळी करड्या छटांत दिसू शकत नाहीत. म्हणून फिल्मवर त्यातला एक पट्टा निवडून छापतात. मूळ फाइल हाती असेल, तर तेच चित्र फुप्फुसासाठी वेगळे, हाडासाठी वेगळे करून बघता येते, एखाद्या गाठीचे माप घेता येते. मोबाइलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोत यातले काहीच उरत नाही.

असे एक चित्र साधारण अर्ध्या एमबीचे. छातीच्या एका स्कॅनमध्ये अशी ५०० चित्रे असली, तर ती २५० एमबी होतात. ही पोतडी ईमेलने सहजी जात नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र म्हणून पाठवली तर आक्रसते. म्हणून पेनड्राइव्ह.

जुन्या तपासणीचे मोल तर नव्या तपासणीहूनही कधी कधी जास्त असते. फुप्फुसात लहानशी घट्ट गाठ दिसली, की पहिला प्रश्न असतो, ‘जुना स्कॅन आहे का?’ अशी गाठ दोन वर्षे किंवा अधिक काळ जशीच्या तशी असेल, तर ती कर्करोगाची असण्याची शक्यता फारच कमी मानली जाते. वाढली असेल, तर वेळ घालवून चालत नाही. हे उत्तर रक्ताच्या तपासणीत मिळत नाही. ते जुन्या फाइलमध्येच असते.

आत काय असते?

पेनड्राइव्हचे प्लॅस्टिकचे कवच काढले, तर आत एक छोटी पाटी दिसते. तिच्यावर तीन महत्त्वाचे भाग असतात. पहिला, संगणकात शिरणारे धातूचे टोक. दुसरा, कंट्रोलर नावाची चिप. हा पेनड्राइव्हचा मेंदू. तिसरा, फ्लॅश मेमरीची चिप. हे त्याचे कोठार. फ्लॅश मेमरीचा शोध जपानच्या तोशिबा कंपनीत काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात लावला. या मेमरीत विद्युतभाराचे सूक्ष्म थेंब कोंडून ठेवलेले असतात. वीज बंद झाली तरी ते तेथेच राहतात, म्हणून पेनड्राइव्हला स्वतःची बॅटरी लागत नाही.

‘यूएसबी’ ही जोडणीची पद्धत १९९६ मध्ये आली. ती घडवणाऱ्यांत इंटेल कंपनीतील अजय भट्ट यांचे नाव अग्रणी आहे. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. २००० साली बाजारात आलेल्या पहिल्या पेनड्राइव्हमध्ये जेमतेम ८ एमबी मावत होते. आजच्या सीटीची १६ चित्रे!

साध्या यूएसबीच्या टोकात चार पट्ट्या असतात. बाहेरच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. विजेच्या पट्ट्या मुद्दाम किंचित लांब ठेवलेल्या असतात. त्यामुळे पेनड्राइव्ह आत सरकवताना आधी वीज पोहोचते, मग संवाद सुरू होतो. संगणक विचारतो, ‘तू कोण?’ कंट्रोलर उत्तर देतो, ‘मी अमुक कंपनीचा, साठवणीचे काम करतो, मला इतकी वीज लागेल.’ उत्तर पटले, की संगणक योग्य ती आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर कामाला लावतो. त्यानंतर तो कोठाराची अनुक्रमणिका वाचतो आणि मगच आपल्याला फोल्डर दिसतात.

म्हणजे पायऱ्या चार: वीज, ओळख, अनुक्रमणिका, फाइल. बिघाड नेमका कोणत्या पायरीवर आहे, हे कळले की निम्मे काम झाले. सुदैवाने प्रत्येक पायरीची लक्षणे वेगळी असतात.

पहिले लक्षण: काहीच होत नाही

दिवा लागत नाही, आवाज येत नाही, पडद्यावर हालचाल नाही. येथे शंका घ्यायची ती विजेची किंवा जोडणीची. आधी पेनड्राइव्ह दुसऱ्या खाचेत लावून बघा. टेबलावरच्या संगणकाच्या पुढच्या खाचा आतून एका वायरने जोडलेल्या असतात आणि ती सैल होऊ शकते. मागच्या खाचा थेट मुख्य पाटीवर असतात, म्हणून तिथे लावून बघणे ही पहिली तपासणी. मध्ये हब किंवा एक्स्टेन्शन वायर असेल, तर ती काढून टाका. एकाच हबवर कीबोर्ड, माउस, प्रिंटर आणि पेनड्राइव्ह असे सगळे लटकले, तर वीज पुरत नाही. यूएसबी २.० च्या खाचेतून जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर आणि ३.० मधून ९०० मिलिअँपिअर मिळतात. चार जणांत एक भाकरी वाटल्यासारखे होते.

त्यानंतर धातूचे टोक उजेडात धरून बघा. किल्ल्यांच्या जुडग्यात, खिशात, पर्सच्या तळाशी राहिलेल्या पेनड्राइव्हच्या टोकात कापसाचा भुगा आणि धूळ साचते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पट्ट्यांवर मळकट थरही चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पट्ट्या पुसाव्यात आणि पूर्ण कोरड्या झाल्यावरच पेनड्राइव्ह लावावा. तोंडाने फुंकर मारण्याची सवय मात्र सोडावी, कारण फुंकरीबरोबर ओलावाही आत जातो.

पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशातून धुण्यात गेला असेल, तर लगेच लावून बघण्याचा मोह टाळा. पाणी त्याला जितके मारत नाही, तितकी ओलेपणी मिळालेली वीज मारते. टोपण काढून हवेशीर जागी दोन दिवस राहू द्या. उन्हात किंवा केस वाळवायच्या यंत्रासमोर ठेवू नका.

आणि एक धोक्याची खूण: लावल्यावर काही सेकंदांतच पेनड्राइव्ह चटका बसण्याइतका तापला, तर तत्काळ काढा. आत शॉर्ट सर्किट असण्याची शक्यता आहे. पुन्हा पुन्हा लावून पाहिल्याने संगणकाची खाचही जायची.

दुसरे लक्षण: ‘ओळखता आला नाही’

दिवा लागतो, ‘टुंग’ असा आवाजही येतो, पण ‘नॉट रेकग्नाइज्ड’ अशी सूचना येते. वीज पोहोचली आहे, संवाद अडला आहे. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी म्हणजे तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर आणि दुसरा चांगला पेनड्राइव्ह त्याच संगणकावर लावून बघणे. दोन मिनिटांत कळते, आजारी कोण आहे. दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्ह चालला, तर तो निरोगी आहे. दोष आपल्या संगणकाचा.

अशा वेळी संगणक पूर्ण बंद करा, विजेचा प्लग काढा, दोन मिनिटे थांबा आणि पुन्हा सुरू करा. खाचेत अडकलेला गोंधळ यामुळे बऱ्याचदा सुटतो. तरीही नाही जमले, तर ‘स्टार्ट’वर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. तेथे यूएसबीच्या यादीत पिवळ्या त्रिकोणाची खूण असलेले नाव दिसेल. त्यावर उजवी क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ म्हणा, पेनड्राइव्ह काढा, संगणक पुन्हा सुरू करा आणि मग लावा. संगणक आज्ञावली नव्याने बसवतो. यात पेनड्राइव्हवरच्या फाइलना धक्का लागत नाही.

यूएसबी ३.० च्या पेनड्राइव्हची एक गंमत आहे. त्याच्या टोकात जुन्या चार पट्ट्यांमागे नव्या पाच पट्ट्या असतात. पेनड्राइव्ह फार हळू सरकवला, तर जुन्या पट्ट्या आधी भेटतात आणि संगणक त्याला जुन्या पद्धतीचा समजून बसतो. वेग एकदम उतरतो. काढून एका दमात, सरळ रेषेत लावला की काम होते.

रुग्णालयात, बँकेत किंवा सरकारी कचेरीत पेनड्राइव्ह दिसत नसेल, तर आणखी एक शक्यता ध्यानात घ्या. तेथील यूएसबीच्या खाचा सुरक्षेसाठी मुद्दाम बंद ठेवलेल्या असू शकतात. त्याला कारणही तसेच आहे. इराणच्या नतान्झ येथील अणुकेंद्रातील यंत्रे बिघडवणारा ‘स्टक्सनेट’ हा २०१० मध्ये उघडकीस आलेला विषाणू पेनड्राइव्हमधूनही पसरत होता. अशा ठिकाणी कर्मचाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा ‘स्कॅन बघायचा संगणक कोणता?’ असे विचारावे.

तिसरे लक्षण: दिसतो, पण उघडत नाही

ड्राइव्हचे चिन्ह दिसते, क्लिक केल्यावर मात्र ‘फॉरमॅट करा’ अशी सूचना येते. सर्वाधिक नुकसान याच पायरीवर होते. म्हणून या वाक्याचा अर्थ नीट समजून घेऊ. ‘फॉरमॅट करावे लागेल’ म्हणजे ‘पेनड्राइव्ह रिकामा आहे’ असे नव्हे. त्याचा खरा अर्थ एवढाच, की ‘मला यातली अनुक्रमणिका वाचता येत नाही’. आपल्याला मोडी लिपी वाचता आली नाही, म्हणून दप्तर कोरे ठरत नाही, तसेच हे.

वाचता न येण्याची कारणे अनेक असतात. अनुक्रमणिका लिहिण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत: ‘फॅट ३२’, ‘एक्सफॅट’, ‘एनटीएफएस’ आणि अ‍ॅपलच्या स्वतःच्या वेगळ्या. अ‍ॅपलच्या संगणकावर त्याच्या पद्धतीने तयार केलेला पेनड्राइव्ह विंडोजच्या संगणकाला लावला, की विंडोज थेट फॉरमॅटची भाषा बोलू लागतो. ‘एक्सफॅट’ २००६ मध्ये आली आणि ‘विंडोज एक्सपी’ २००१ मधली. वेगळी भर घातल्याशिवाय एक्सपीला ती लिपी कळत नाही. एक्सपीचा अधिकृत आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला, पण एखाद्या जुन्या यंत्राशी जोडलेला त्याचा संगणक अजूनही कुठे कुठे दिसतो. धडधाकट पेनड्राइव्हला असा संगणक ‘आजारी’ ठरवतो. मोबाइलला जोडल्यावरही काही फोन ‘ड्राइव्हमध्ये अडचण आहे, दुरुस्त करू का?’ असे विचारतात आणि ती दुरुस्ती म्हणजे फॉरमॅटच असते.

मध्यंतरी साठीच्या एका बाई तालुक्याहून आल्या होत्या. खोकल्यासाठी काढलेल्या एक्स-रेत छातीत डाग दिसला आणि नव्या स्कॅनमध्ये तो लहान गाठीच्या रूपात पक्का झाला. सुई घालून तुकडा काढायचा का, हा प्रश्न होता. तीन वर्षांपूर्वी पडल्यानंतर त्यांचा छातीचा स्कॅन झाला होता, तो पेनड्राइव्हवर होता. वॉर्डातल्या जुन्या संगणकाने ‘फॉरमॅट करा’ असे सांगितले. मुलगा घाबरून म्हणाला, ‘करा हो साहेब, पण दिसू द्या.’ आमच्या इंटर्न मुलीने ‘कॅन्सल’ केले आणि पेनड्राइव्ह घेऊन ती सरळ रेडिओलॉजी विभागात गेली. तिथल्या नव्या संगणकावर तो कसलीही कुरकूर न करता उघडला. गाठ तीन वर्षांपूर्वीही होती, त्याच जागी, त्याच मापाची. ‘मावशी, हा पाहुणा जुनाच आहे,’ असे सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘मग सुई नाही ना टोचायची?’ नाही टोचावी लागली.

त्या दिवशी ‘हो’चे बटण दाबले गेले असते, तर काय झाले असते? ‘क्विक फॉरमॅट’ फक्त अनुक्रमणिका कोरी करते. ग्रंथालयातली पुस्तके जागेवर राहतात, पण यादी जाळली जाते. अशा वेळी पुस्तके शोधून काढण्याची आशा असते. ‘क्विक’ची खूण काढून केलेले पूर्ण फॉरमॅट मात्र, विंडोज व्हिस्टापासून पुढे, सगळ्या जागेवर शून्ये लिहिते. तेथून परत येणे नाही.

तेव्हा तिसऱ्या लक्षणावर उपाय असा. ‘कॅन्सल’ म्हणा. नव्या विंडोजचा एक आणि जमल्यास अ‍ॅपलचा एक, अशा दोन संगणकांवर लावून बघा. चिन्हच दिसत नसेल, तर ‘स्टार्ट’वर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. तेथे पेनड्राइव्ह योग्य आकारासह दिसतो आहे पण त्याला अक्षर नाही, असे असेल, तर ‘चेंज ड्राइव्ह लेटर’ वापरून एखादे मोकळे अक्षर द्या. एवढ्याने काम होऊ शकते. त्याच खिडकीतल्या ‘इनिशियलाइज’, ‘डिलीट व्हॉल्यूम’ आणि ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ या पर्यायांना हात लावू नका. तेथे ‘रॉ’ लिहिलेले असेल, तर अनुक्रमणिका बिघडलेली किंवा अनोळखी आहे. ‘नो मीडिया’ असेल, तर कंट्रोलर जिवंत आहे, पण त्याला कोठार सापडत नाही. तेव्हा घरगुती उपाय थांबवावेत.

‘चेक डिस्क’ नावाची दुरुस्ती अनेक जण लगेच चालवतात. ती अनुक्रमणिका नीट करते, पण ते करताना पेनड्राइव्हवर लिहिते आणि तुटलेल्या फाइलचे तुकडे वेगळ्या नावांनी बाजूला टाकते. म्हणून फाइल महत्त्वाच्या असतील, तर आधी त्या बाहेर काढणे आणि मग दुरुस्ती, हाच क्रम. फाइल बाहेर काढण्यासाठी ‘टेस्टडिस्क’ आणि ‘फोटोरेक’ या मोफत आज्ञावली उपलब्ध आहेत. जाणकाराच्या मदतीने त्या वापराव्यात आणि सापडलेल्या फाइल त्याच पेनड्राइव्हवर नव्हे, तर संगणकावर साठवाव्यात.

चौथे लक्षण: उघडतो, पण फाइल नाहीत

फोल्डर गायब झालेत आणि त्यांच्या जागी बाणाची खूण असलेले शॉर्टकट दिसतात, असे झाले तर विषाणूचा संशय घ्यावा. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेल्या पेनड्राइव्हला हा संसर्ग जडतो. खऱ्या फाइल बहुधा नुसत्या लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका, कारण त्यानेच विषाणू जागा होतो. अँटिव्हायरसने तपासा, मग ‘व्ह्यू’मध्ये जाऊन लपलेल्या फाइल दाखवण्याची खूण करा.

वैद्यकीय फाइलची आणखी एक तऱ्हा आहे. फाइल दिसतात, पण नावे विचित्र, शेवटी ओळखीचे कुठलेच अक्षर नाही आणि क्लिक केल्यावर ‘कशाने उघडू?’ असे संगणक विचारतो. यात बिघाड काहीच नाही. स्कॅनच्या चित्रांसाठी जगभर ‘डायकॉम’ नावाची पद्धत १९९३ पासून वापरात आहे आणि ती उघडायला वेगळी आज्ञावली लागते. पुष्कळ केंद्रे ती पेनड्राइव्हवरच घालून देतात. या फाइलची नावे बदलू नका, ‘नको त्या’ वाटणाऱ्या फाइल काढून टाकू नका आणि लग्नाचे फोटो किंवा गाणी त्याच पेनड्राइव्हवर भरू नका.

पाचशे रुपयांत ‘२ टीबी’चा पेनड्राइव्ह मिळाला असेल, तर तेही निदान ध्यानात असू द्या. अशा बनावट पेनड्राइव्हचा कंट्रोलर संगणकाला खोटे सांगतो. खरी जागा भरली, की नव्या फाइल जुन्यांच्या डोक्यावर लिहिल्या जातात. नावे दिसतात, आत काही नसते.

तज्ज्ञाकडे कधी जावे?

टोक वाकले आहे, हलवल्यावर जोडणी येते-जाते, पेनड्राइव्ह तापतो, ‘नो मीडिया’ दिसते, किंवा दोन-तीन चांगल्या संगणकांवरही ओळख पटत नाही, अशा वेळी पुढची खटपट घरी करू नये. तुटलेला टाका पुन्हा जोडून फाइल मिळवता येतात. वाकडे टोक पक्कडीने सरळ करण्याच्या नादात पाटीवरचे मार्ग उखडले, तर तेही राहत नाही. दुकानात देताना ‘पेनड्राइव्ह चालू करून द्या’ असे म्हणू नका. ‘पेनड्राइव्ह गेला तरी चालेल, आतल्या फाइल हव्यात, फॉरमॅट करू नका’ असे स्पष्ट सांगा आणि शक्यतो चिठ्ठीवर लिहून द्या. पहिल्या वाक्याचा अर्थ दुकानदार फॉरमॅट असाच घेतो आणि त्यात त्याची चूक नसते.

त्याच वेळी दुसरे दारही ठोठवा. स्कॅन जेथे झाला, त्या केंद्रात किंवा रुग्णालयात मूळ प्रत असू शकते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात. नाव, तारीख आणि पावतीचा क्रमांक घेऊन लेखी अर्ज करावा. जुनी पावती म्हणूनच फेकू नये.

दुखणे होण्याआधी

पेनड्राइव्ह हे सामान वाहून नेण्याचे साधन आहे. तिजोरी म्हणून तो बनवलेलाच नाही. त्याच्या मेमरीची प्रत्येक पेशी काही शे ते काही हजार वेळाच पुसून लिहिता येते आणि कोंडलेला विद्युतभार वर्षानुवर्षांत, विशेषतः उष्णतेत, हळूहळू झिरपतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवू नये. फाइल उतरत असताना ओढून काढू नये. विंडोजच्या नव्या आवृत्त्या पूर्वीपेक्षा क्षमाशील असल्या, तरी ‘इजेक्ट’ करून मग काढण्याची सवय चांगली.

स्कॅन करून घरी आलात, की त्याच दिवशी पेनड्राइव्हवरचे सगळे फोल्डर जसेच्या तसे संगणकावर उतरवा. फोल्डरला रुग्णाचे नाव, तपासणी आणि तारीख द्या. दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा: बाहेरची हार्ड डिस्क, मुला-मुलीचा संगणक किंवा पासवर्ड असलेली ऑनलाइन साठवण. घरी संगणक नसेल, तर केंद्रातच जास्तीचा पेनड्राइव्ह देऊन दोन प्रती मागून घ्या. छापील अहवाल फिल्मच्या पाकिटात असू द्या. वर्षातून एकदा प्रती उघडून बघा. न उघडलेली प्रत आहे की नाही, हे अडचणीच्या दिवशी कळून उपयोग नसतो.

एवढे केले असेल, तर पुढे कधी संगणकाने ‘ओळखता आला नाही’ असे म्हटले, तरी जीव टांगणीला लागत नाही. पेनड्राइव्ह जातो. स्कॅन घरीच असतो.